तू उपाशी गेला नव्हतास

तू मेलास तो एकदाच. त्यानंतर दर हिवाळ्यात तुला मी मारत आलो आहे. धानाची मळणी उरकली, की कधी सिंदेवाहीकडच्या एखाद्या गावात, कधी आरमोरीच्या अलीकडे, कधी मूलच्या जंगलाला लागून, फळ्यांच्या मंचावर, लाल-पिवळ्या दिव्यांत आणि ऑर्गनच्या साथीनं तू छातीत गोळी घेतोस, गुडघ्यावर येतोस, आणि पडता पडता इतकं लांब भाषण करतोस की शत्रूलाही वाटावं, या माणसाला उगाच छेडलं. बायका पदर तोंडाला लावतात. म्हातारे बिडी विझवतात. मी विंगेत उभा असतो आणि मनात म्हणतो, चला, आजही पडला नीट.

आपल्या झाडीतलं नाटक म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. गावात मंडईची जत्रा भरली, शंकरपटात बैल पळाले, घराघरांत पाहुणे उतरले, की त्या दिवशी नाटक हवंच, आणि तेही उजाडेपर्यंत. आपण दोघं पोतं अंथरून एका घोंगडीत बसायचो. तिसऱ्या अंकात तू झोपायचास आणि सकाळी मला कथा विचारून घरी स्वतः पाहिल्यासारखी सांगायचास. आता ती नाटकं मी लिहितो. वडशाच्या एका कंपनीचा लेखक आहे, अडलं-नडलं तर पडद्यामागून संवादही वाचून देतो. शिवाय तालुक्याच्या पेपरात एक सदर लिहितो. सरपंच, ठेकेदार, मास्तर, पुढारी, पुढाऱ्यांचे साळे, कुणीही माझ्या तावडीतून सुटलेलं नाही. लोक म्हणतात, याची जीभ म्हणजे वस्तरा. असेल. पण आजवर सगळ्यात जास्त चाललेलं माझं नाटक विनोदी नाही, ते तूच आहेस.

त्यात मी बरंच खोटं लिहिलं आहे, आणि त्यातलं बहुतेक मला पचलंही आहे. नाटकात तुला झुपकेदार मिशी आहे. तुझ्या ओठावर तेव्हा जेमतेम लव होती, आणि रजेवर आलास की तू चोरून माझ्या आरशात ती मोजल्यासारखी बघायचास. नाटकात तुझी एक प्रेयसी आहे आणि ती दोनदा नाचते. तुझं प्रेम फक्त मासोळीवर होतं. आणि ते भाषण! तुला घेऊन आलेल्या शिपायांनी सांगितलं होतं, चौकीवर गोळा पडला, जागच्या जागी संपलं सगळं, बोलायला वेळच मिळाला नाही. तू मुकाट मेलास. जन्मात पहिल्यांदाच गप्प बसलास, आणि मी तेवढंही तुला करू दिलं नाही. यासाठी मला माफी नकोय. तू असतास तर हसला असतास, आणि मिशी तेवढी ठेव म्हणाला असतास.

माझ्या गळ्याशी आलंय ते दुसऱ्या अंकातलं ताट. नाटकात तू रजेवर घरी येतोस. माय ताट वाढते. तू पहिला घास उचलतोस आणि दारात तार येते: लढाई सुरू झाली, रजा रद्द, निघून या. तू घास ताटात परत ठेवतोस, म्हणतोस, "माय, आता देशाचं जेवण आधी," आणि उठतोस. ती ताट हातात घेऊन दारापर्यंत तुझ्यामागे धावते. पडदा. या जागी आजवर एकही गाव रडायचं राहिलेलं नाही. कंपनीचा मालक तर या प्रवेशाला "आपली दुभती म्हैस" म्हणतो.

आणि तू उपाशी गेला नव्हतास. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. जिला माहीत असायला हवं, तिच्या डोक्यातून मी ते काढून टाकलं आहे.

त्या दिवशी तार सकाळीच आली होती. बल्लारशाला जाणारी एसटी होती दुपारची. तुझी माय तार पाहून क्षणभर चुलीपुढं बसून राहिली, मग उठून म्हणाली, "जाचंच आहे तं जेवून जा." उन्हाळा असल्यानं बोडीचं तळं आटत आलेलं, गावात घरोघरी मासोळी. आपण दोघं तुमच्या स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसलो, मधे फक्त पाण्याचा गडू. तिनं भात वाढला, रस्सा वाढला, आणि नेहमीसारखं उठून दार लोटून घेतलं. तुमच्या घरी मी जेवायला बसलो की ती दार लोटायची, कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. भिंतीवर बुद्धाचा फोटो असलेल्या घरात मी ताटावर बसतो, हे आमच्या आळीत कळलं असतं तर माझ्या वडिलांनी मला बैल बांधायच्या दाव्यानं फोडलं असतं, आणि तिला ते ठाऊक होतं. तू मात्र दर वेळी मोठ्यानं ओरडायचास, "दार लाव व माय, पाटील जेवून राह्यले!" त्या दिवशीही ओरडलास.

आणि मग तू जेवलास. मी आयुष्यात पुष्कळ पंगती पाहिल्या, पण लढाईवर निघालेला माणूस असा जेवताना पाहिला नाही. पहिला भात संपवलास, दुसरा घेतलास, मग ताट पुढं सरकवून पुन्हा मागितलास. तुझी माय म्हणाली, "अरे, पोट फुटन तुहं. तिकडं काय उपाशी ठेवते का तुले?" तू म्हणालास, "तिकडं डबे भेटते माय. डब्यात मासोळी राह्यते, पन तिले डोस्कं नाई राह्यत." मी म्हणालो, "अबे, एवढा जड होऊन डोंगर कसा चढशीन?" तू म्हणालास, "मी नाई चढत. त्याहीले म्हनन, तुम्हीच या खाली." ती हसली. हसता हसता तिनं माझ्याही ताटात वाढलं. नंतर तू पट्टा सैल करून तिथंच जमिनीवर आडवा झालास आणि घोरायला लागलास. एसटी आली, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, कंडक्टर उतरून दारात आला आणि म्हणाला, "फौजी झोपला का? झोपू द्या पाच मिनिटं, आम्ही चहा पेतो." तुला शेवटी आम्ही हलवून उठवलं. निघताना तू ढेकर दिलास. सैनिकाचे शेवटचे शब्द कोणते असं मला कुणी विचारलं, तर मी प्रामाणिकपणे एवढंच सांगू शकतो.

तू परत आलास तेव्हा सगळं गाव तुमच्या वस्तीत आलं. आमची आळीही आली, माझे वडीलही आले, त्या गल्लीत त्यांचं पाऊल मी पहिल्यांदाच पडताना पाहिलं. त्यांनी तुला हार घातला, डोळे पुसले, आणि तुझ्या थोरल्या काकांनी पुढं केलेला पाण्याचा पेला "राहू द्या, राहू द्या" म्हणत न घेताच परतले. शहिदाच्या दारात उभं राहायला आमच्या आळीची हरकत नव्हती. हरकत त्याच्या गडव्याला होती. एवढा तयार विनोद डोळ्यांसमोर घडला आणि मी तो आजवर कुठल्याही सदरात लिहिला नाही, यावरून माझा वस्तरा कुणाकुणावर चालतो ते समजून घे.

त्याच हिवाळ्यात मी नाटक लिहिलं. पहिल्या खर्ड्यात जेवणाचा प्रवेश जसा झाला तसा होता. पण त्यात ताटं दोन होती. एका ताटावर तू, दुसऱ्यावर मी, आणि लोटलेलं दार. नाटक आसपासच्या गावांत होणार होतं, वडील पाहायला येणार होते. मी दुसरं ताट काढलं. ते काढल्यावर तू कुणाशी बोलणार, कुणाला हसवणार? एकटा माणूस मंचावर नुसता जेवताना बरा दिसेना. मालक म्हणाला, "लेखक, इथी मायचं काळीज फाटलं पाहिजे." मग मी तुला उठवलं. घास हातातून काढून घेतला. इतकं सोपं होतं ते.

तुझी माय पहिल्या प्रयोगाला आली होती. रडली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "चांगलं लिहिलं बापू. पन जेवला होता ना तो." मी म्हणालो, "हो मावशी, नाटकात तसं करावं लागते." तिनं समजूतदारपणे मान हलवली. पुढं लग्नाकार्यात, रोवणीच्या बांधावर बायका तिला म्हणायच्या, "लेकरू उपाशी गेलं हो तुमचं." सुरुवातीला ती भांडायची. "उपाशी कुठी? चांगला तीनदा भात घेतला त्यानं!" बायका एकमेकींकडं बघून गप्प व्हायच्या, जशी माणसं वेड लागलेल्या आईपुढं होतात. हळूहळू तिनं भांडणं सोडलं. नंतर ती नुसतं "हो" म्हणायला लागली. आणि एवढी वर्षं दर हिवाळ्यात मी तिला दाखवतच राहिलो: बघ, हा उठला, बघ, घास ठेवला, बघ, तू ताट घेऊन धावलीस.

या दिवाळीनंतर मी तिच्याकडं गेलो. आता तिला डोळ्यांनी कमी दिसतं, कान शाबूत आहेत, जीभ तर माझ्याहून धारदार. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक ताटली पालथी घातलेली दिसली. मी सहज उचलली. खाली भात, वर थोडी डाळ, गार झालेलं. ती एकदम ओशाळली. तुला आठवतं ना, तुझ्या आजोबांनी बौद्ध झाल्यावर मेलेल्यांना जेवू घालणं, पानं ठेवणं, सगळं घरातून हद्दपार केलं होतं, आणि त्याचा तिला केवढा अभिमान होता. बायका पितरांची पानं वाढताना ती त्यांना सुनवायची, "जित्या मानसाले वाढा, ते खाते तरी!" तीच बाई मला हळूच म्हणाली, "कोनाले सांगू नको बापू. विहारात समजलं तं काय म्हनतीन. मलेही समजते, मेलेला काई खात नाई. सकाळी कोंबड्यायले टाकतो मी ते. पन संध्याकाळी मह्या घशाखाली घास उतरत नाई. उपाशी धाडलं ना मी त्याले."

मी म्हणालो, "मावशी, तो जेवून गेला. मी होतो ना."

"तू होता?"

"त्याच्या बाजूलेच बसलो होतो. याच भिंतीशी."

ती माझ्याकडं बघत राहिली, अंदाजानं, जिकडून आवाज येत होता तिकडं. मग म्हणाली, "तू नाटकवाला मानूस. तुह्यं काय खरं धरावं?" आणि हसली. टोमणा मारल्याचं समाधान झालं की ती हसते तसंच. मी, तालुक्याला हसवणारा माणूस, ती ताटली होती तशी पालथी घालून उठलो.

यंदा आपल्या गावच्या मंडईला हेच नाटक ठरलं होतं. मी मालकाला म्हणालो, त्या गावात प्रवेश बदलायचा, तो जेवेल. मालक म्हणाला, "लेखक, तुमची तब्येत बरी आहे ना? जेवनारा मानूस पाहून कोन रडते? लोकं तिकीट काढून दुसऱ्याचं जेवन पाहाले येत नाई." मी अडून बसलो. शेवटी एका गावापुरतं तो कबूल झाला. मी तो प्रवेश पुन्हा लिहिला, सगळा, डोस्कं नसलेल्या मासोळीसकट. तालमीत आमचा विनोदी नट, जो नाटकात तुझा दोस्त होतो, मला म्हणाला, "भाऊ, मी बी बसू का संगं जेवाले? दोस्त आहो ना मी त्याचा. तो कोनासंगं बोलन?" त्या अडाण्याला एका क्षणात कळलं ते. मी म्हणालो, "नको. स्टेजवर गर्दी होते. तो मायशी बोलेल."

गर्दी कशाची होणार होती? वडील आता नाहीत. पण मंडई समितीचा अध्यक्ष माझा मोठा भाऊ आहे आणि तो पहिल्या रांगेत खुर्चीवर बसतो. त्याच्या शेजारच्या खुर्च्यांवर यंदा माझ्या पोरीला पाहायला आलेले पाहुणे बसणार होते. नाटकातला दोस्त म्हणजे मी, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तुला हे वाचून हसू येत असेल. येऊ दे. मी इतर कुणाबद्दल असं लिहिलं असतं तर मलाही आलं असतं.

प्रयोग झाला. तुझी माय पुढं चटईवर, बायकांत, पांढरं लुगडं नेसून बसली होती. तार आली. मंचावरच्या मायनं ताट वाढलं, खरा भात, खरा रस्सा. मंचावरचा तू जेवायला बसलास आणि जेवतच राहिलास. लोकांना नाटक पाठ आहे. ते तुझ्या उठण्याची वाट बघत होते, पदर तयार होते. तू उठेनास. मागून कुणीतरी ओरडलं, "अबे आवर, लढाई सुटून जाईन!" हशा पिकला. दुसरा म्हणाला, "रस्सा चांगला झाला का फौजी? आमच्याकडंही धाडा!" नटानं दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा शिट्ट्या पडल्या. मी विंगेतून फक्त चटईकडं बघत होतो. ती हसत नव्हती आणि रडतही नव्हती. मान थोडी वाकडी करून ऐकत होती, शेजारी कोण बोलतंय ते शोधावं तशी.

उजाडताना लोक चटया गुंडाळत होते. मी तिच्याकडं गेलो. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मन राखलं बापू तू म्हातारीचं. बरं वाटलं."

"मन राखाले नाई मावशी. खरंच तसं झालं होतं."

"नाई रे." अगदी मायेनं म्हणाली ती. "मले आता बाकी काई आठवत नाई, पन एवढं आठवते. तू घरात असला तं तो तुले सोडून कधी जेवला नाई. ताटं नेहमी दोन राह्यत. तू तं आज नाटकात त्या ताटापाशी कुठीच नव्हता. तूच जेवला नाई, तं तो तरी कसा जेवन?"

माझा भाऊ पलीकडं पाहुण्यांना चहा देत होता. मी तिची चटई गुंडाळायला घेतली. लबाडी होती तोवर सगळ्या झाडीनं ती खरी मानली, आणि खरं दाखवलं तेव्हा एका म्हातारीनं त्यातली रिकामी जागा बरोबर हेरली.

तरी मी त्याच सकाळी तिच्या घरी गेलो. आत जाऊन त्याच भिंतीला पाठ लावून बसलो आणि म्हणालो, "मावशी, वाढ. त्या दिवशीसारखं." ती चाचपडत चुलीपाशी गेली, भात वाढला, सुक्या मासोळीचा रस्सा वाढला. मग कोपऱ्यातली ती पालथी ताटली सुलटी केली, पुसली, आणि माझ्या शेजारी ठेवली. मधे पाण्याचा गडू. मी जेवायला लागलो आणि सांगायला लागलो. तू इथं बसला होतास. असा पाय पसरून. पहिला भात संपवलास तेव्हा ती काय म्हणाली, तू काय म्हणालास, डब्यातल्या मासोळीला काय नव्हतं. ती ऐकत होती. डोस्क्याचं आलं तेव्हा तिच्या तोंडून माझ्या आधी शब्द बाहेर पडला, "डोस्कं!" आणि तिनं तोंडावर हात घेतला. कंडक्टरनं चहाला वेळ दिला ते आलं तेव्हा ती म्हणाली, "पट्टा सैल केला होता ना त्यानं?" मी म्हणालो, "हो. इथंच आडवा झाला." तिनं त्या जागेवर हात ठेवला. तिथली जमीन चाचपत म्हणाली, "मंग जेवला म्हना."

हे तुला कळावं म्हणून लिहायला बसलो होतो. इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पत्र तुला पोचायची सोय नाही, पेपरात मी ते देणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी मालकाच्या सांगण्यावरून तू पुन्हा घास ठेवून उठलास, लोक पुन्हा रडले, तेही तुला दिसलंच असेल. पण एक गोष्ट राहिली.

मी जेवत होतो तेव्हा दार उघडं होतं. बाहेर गल्लीतून माणसांचे आवाज आले. माझा भाऊ पाहुण्यांना एसटीपर्यंत सोडायला निघाला होता, तुमच्या वस्तीतून जवळची वाट आहे म्हणून. आवाज जवळ आले. तुझी माय जागची उठली, भिंतीला धरत दारापर्यंत गेली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तिनं ते हळूच लोटून घेतलं.

मी घास हातात घेऊन बसलो होतो. उठून दार उघडायला दोन पावलं लागली असती. आवाज लांब जाईपर्यंत मी वाट पाहिली, आणि मग जेवलो.